गौराई माहेरी येते तेव्हा: आवाहनापासून बोळवणीपर्यंत

सासूबाई गेल्या त्यानंतरच्या भाद्रपदात मी पहिल्यांदा एकटीनं गौरी बसवल्या. तोवर चौदा वर्षं त्यांच्या हाताखाली सगळं केलं होतं. निऱ्या धरल्या होत्या, पुरण वाटलं होतं, पत्री निवडली होती. पण आधी काय आणि मग काय, हा क्रम त्यांच्या डोक्यात होता. आवाहनाच्या दिवशी सकाळी पेटीतून दोन्ही मुखवटे काढले आणि दोन्ही हातांत दोन चेहरे धरून तशीच उभी राहिले. थोरली कोणती आणि धाकटी कोणती? दोघी अगदी सारख्या. शेवटी गावी आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंच्या नणंदेला, फोन केला. त्या म्हणाल्या, "उजव्या कानामागं रंगाचा टवका उडालाय ना, ती थोरली. आणि घाबरतेस कशाला? लेक सासरहून आली की काय करतेस? तेच करायचं."

त्या एका वाक्यानं माझं निम्मं काम झालं. तेव्हापासून कुठं अडलं की मी पोथी उघडण्याआधी तेच विचारते: लेक घरी आली असती तर काय केलं असतं? पुढं जे लिहिलं आहे ते याच धाग्यानं लिहिलं आहे. पहिल्यांदाच गौरी बसवणाऱ्या किंवा सासू-आईच्या माघारी ही जबाबदारी अंगावर आलेल्या प्रत्येकीसाठी.

ही गौर कोण

आधी एक गोंधळ दूर करू. चैत्रात झोपाळ्यावर बसते ती चैत्रगौर. गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशी वाळूच्या पिंडीसह पुजतात ती हरितालिका. आश्विनातल्या अष्टमीला उकडीचा मुखवटा करून जिच्यापुढं घागरी फुंकतात ती महालक्ष्मी वेगळी. आणि भाद्रपदात गणपतीपाठोपाठ तीन दिवस येते ती ज्येष्ठागौरी. पश्चिम महाराष्ट्रात तिला गौरी म्हणतात, कोकणात गवर किंवा गौराई, आणि मराठवाडा-विदर्भात 'महालक्ष्म्या'. तिकडं "आमच्याकडं महालक्ष्म्या बसतात" असं म्हटलं की ते याच सणाबद्दल असतं.

गौरी म्हणजे पार्वती, गणपतीची आई. पण महालक्ष्मी म्हटलं की ती विष्णुपत्नी होते. मग ही नेमकी कोण? घराघरांत याची उत्तरं वेगळी आहेत आणि मला त्यात काही खटकत नाही. 'ज्येष्ठा' या नावाचा मागोवा मात्र घेण्यासारखा आहे. पुराणांत लक्ष्मीची थोरली बहीण ज्येष्ठा, म्हणजेच अलक्ष्मी, समुद्रमंथनातून लक्ष्मीच्या आधी वर आली. दक्षिणेत पल्लव-चोळ काळात ज्येष्ठादेवीच्या मूर्ती घडवल्या गेल्या. कावळ्याचं निशाण, गाढवाचं वाहन, मोठं पोट असं तिचं रूप. कांचीपुरमच्या कैलासनाथ मंदिरात तिचं शिल्प आहे. लोक तिला दाराबाहेर ठेवू पाहत. आपल्याकडच्या सणात नाव तेच, थोरली-धाकटीची जोडीही तीच, पण आपण थोरलीला वाजतगाजत घरात घेतो आणि धाकटीच्या शेजारी मानानं बसवतो. मला या पूजेतली ही सर्वांत मोठी गोष्ट वाटते. एकीला बोलावून दुसरीला वगळायचं नाही. दोघी बहिणी एकत्रच येणार.

मराठवाडा-विदर्भात त्यांच्या पुढ्यात बाळंही बसवतात, एक मुलगा आणि एक मुलगी. लेक माहेरी येते ती लेकरं घेऊनच.

दिवस कसे ठरतात

हा सण तिथीवर नाही, नक्षत्रावर आहे. भाद्रपद शुक्ल पक्षात चंद्र अनुराधा नक्षत्रात असताना आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रात पूजन, मूळ नक्षत्रात विसर्जन. म्हणून 'गणपतीनंतर तिसऱ्या दिवशी गौरी' असा पाठ केलेला हिशेब चुकतो. 2024 मध्ये चतुर्थी 7 सप्टेंबरला होती आणि आवाहन 10 तारखेला. 2025 मध्ये चतुर्थी 27 ऑगस्टला आणि आवाहन 31 ऑगस्टला. एका वर्षी मधे दोन दिवस होते, दुसऱ्या वर्षी तीन.

पंचांगात आवाहनाची आणि विसर्जनाची वेळ दिलेली असते, ती बघून ठेवा. नक्षत्र दुपारनंतर लागत असेल तर सकाळी घाई करून गौर आत घेऊ नका. परदेशात असाल तर एवढं लक्षात ठेवा की चंद्र नक्षत्रात शिरतो तो क्षण जगभर एकच असतो, घड्याळं वेगळी असतात. भारतातल्या दिनदर्शिकेतली तारीख तशीच उचलण्यापेक्षा तुमच्या गावासाठी केलेलं पंचांग बघा. अमेरिकेत कधीकधी एक दिवसाचा फरक पडतो.

कुठल्या रूपात बसवायची

घरात चालत आलेलं रूप असेल तर तेच ठेवा. नव्यानं सुरू करत असाल तर निवड करायला वाव आहे.

खड्यांच्या गौरी सर्वांत साध्या. नदी, ओढा किंवा विहिरीजवळून पाच, सात किंवा अकरा गोटे आणायचे, धुवायचे आणि पाटावर तांदळाच्या राशीवर ठेवून पुजायचे. कोकणस्थांच्या अनेक घरांत अशाच असतात. काही घरांत खडे आणणारी मुलगी वाटेत कुणाशी बोलत नाही. साधेपणामुळं यांना कमी लेखू नका. ज्येष्ठागौरीच्या कहाणीत देवीनं गरीब ब्राह्मणाला सांगितलेला विधी हाच आहे: तळ्याच्या पाळी जावं, दोन खडे घरी आणावेत, ऊन पाण्यानं धुवावेत, ज्येष्ठा आणि कनिष्ठा म्हणून त्यांची स्थापना करावी. मुखवटे, दागिने, रोषणाई हे सगळं नंतरचं.

तेरड्याची गौर कोकणात आणि घाटावरही दिसते. तेरड्याची रोपं मुळांसकट उपटून त्यांची जुडी बांधतात, तिला साडी नेसवतात, वर कागदाचा किंवा मातीचा मुखवटा लावतात. मुळं का ठेवायची? ती गौरीची पावलं. म्हणून रोप उपटताना मुळं तुटणार नाहीत अशी माती सैल करून घ्यायची आणि ती नुसत्या पाण्यानं धुवायची. 'तेरड्याचा रंग तीन दिवस' ही म्हण आपण फार न टिकणाऱ्या नवलाईला वापरतो. या सणात ती अक्षरशः खरी होते. गौरही तीन दिवसच राहते.

कोकणात या जुडीत कळलावीचं फूलही खोवतात. त्याच्या लाल-पिवळ्या वळलेल्या पाकळ्यांना 'गौरीचे हात' म्हणतात. फूल देखणं आहे, पण ही वनस्पती विषारी आहे आणि तिचा कंद सर्वांत जास्त. हाताळल्यावर हात धुवा, आणि लहान मुलं किंवा जनावरं तोंड लावतील अशा जागी ते पडू देऊ नका.

मुखवट्यांच्या उभ्या गौरी आता शहरांत सगळीकडं दिसतात. मुखवटे पितळी, शाडूचे, कापडी किंवा प्लास्टर ऑफ पॅरिसचे. माझ्या मते पितळी किंवा शाडूचे घ्या. पितळी पिढ्यान्‌पिढ्या टिकतात, शाडूचा चेहरा डोळ्यांना निवांत वाटतो. धड म्हणून लोखंडी स्टँड किंवा पत्र्याच्या कोठ्या वापरतात. कोठ्यांमध्ये धान्य भरतात. पूर्वी, आणि कित्येक घरी आजही, पाच मडक्यांची उतरंड रचून वर मुखवटा ठेवतात. मडकी हळद लावलेल्या दोऱ्यानं बांधलेली आणि आत गहू, तांदूळ, डाळ. म्हणजे गौरीचं धडच धान्याचं. काही घरांत धान्याच्या दोन राशी घालून त्यांवरच मुखवटे मांडतात. भाद्रपदात पिकं शेतात उभी असतात. त्याच वेळी घरातल्या साठवणीतून देवीचं शरीर घडतं, हे पुजताना ध्यानात असू द्या.

आठ दिवस आधी

स्टँड बाहेर काढा आणि हलवून बघा. एका वर्षी ऐन आरतीच्या वेळी आमची धाकटी पुढं झुकली. पायाशी वजन नव्हतं. जाऊबाईंनी झेप घालून धरली म्हणून मुखवटा वाचला. तेव्हापासून स्टँडच्या तळाशी दोन-दोन किलो तांदळाच्या पिशव्या घट्ट बांधते आणि मागून एक दोरी भिंतीतल्या खुंटीला अडकवते. साडी नेसवली की काहीच दिसत नाही.

जागा निवडताना समईचा विचार आधी करा. जरीच्या आणि सिंथेटिक साड्या चटकन पेट घेतात. समई पदरापासून दोन हात लांब, आणि पंख्याचा वारा पदर उडवत नाही ना, ते पाहून ठेवायची. विजेच्या माळा साडीवरून फिरवू नका.

साडी कशी नेसवायची, हे सगळ्या विचारतात. सहावारीचा पन्हा सव्वा वार तरी असतो आणि दोन-अडीच फुटी गौरीला तो मोठा पडतो. म्हणून साडी लांबीत मधोमध दुमडून पन्हा निम्मा करा, दुमडीची कड वर ठेवा, म्हणजे काठ खाली येतो. निऱ्या आदल्या रात्रीच घाला, गादीखाली दाबून किंवा हलकी इस्त्री फिरवून बसवा आणि कपड्याच्या चिमट्यांनी धरून ठेवा. नेसवताना आधी स्टँडच्या कमरेला नाडा बांधा, एक वेढा घाला, मग तयार निऱ्या पुढं खोचून सेफ्टी पिन लावा. उरलेला भाग मागून घेऊन खांद्यावर पदर. पदर आधी पिनेनं पक्का केला की मगच मुखवटा. मुखवटा बसवल्यावर साडीशी खेळायचं नाही. साडी कापायची नाही, तिला गोंद लावायचा नाही. ती नंतर घरातल्या लेकीसुनेच्या अंगावर जायची असते.

सूतही याच वेळी करून ठेवतात. कच्च्या सुताचे सोळा पदर घेऊन ते हळदीत भिजवायचे आणि सुकवायचे. सोळा हा आकडा या पूजेत पुन्हापुन्हा भेटतो: सोळा पदर, सोळा गाठी, सोळा उपचार, विदर्भात सोळा भाज्या.

पहिला दिवस: आवाहन

उंबऱ्यापासून गौरीच्या जागेपर्यंत पावलं काढायची. त्यासाठी छापे मिळतात, पण हातानं काढून बघा. तांदळाचं पीठ पाण्यात सरबरीत कालवा. मूठ वळा, करंगळीकडची बाजू पिठात बुडवा आणि जमिनीवर टेकवा. तळपायाचा आकार उमटतो. मग बोटाच्या टोकानं वर पाच ठिपके: एक मोठा, चार उतरत्या मापाचे. उजव्या मुठीनं एक पाऊल, डाव्या मुठीनं दुसरं. मध्ये कुंकवाची चिमूट. बोटं घराच्या आत रोखलेली हवीत. काम करताना आपण आतून दाराकडं सरकत जातो, तेव्हा पावलं उलटी पडायला वेळ लागत नाही.

मुखवटे, खडे किंवा तेरडा सुपात किंवा ताम्हनात घेऊन दाराबाहेर, बऱ्याच घरी तुळशीपाशी, जायचं. घरातली दुसरी बाई उंबऱ्याशी उभी राहते. गौर आणणारीच्या पायांवर आधी दूध, मग पाणी घालते, कुंकवानं स्वस्तिक काढते, भाकरतुकडा ओवाळून टाकते. उंबऱ्यावर धान्यानं भरलेलं माप ठेवलेलं असतं, ते ओलांडून आत यायचं. मागं कुणीतरी थाळी-चमचा वाजवत असतं, आणि सवालजवाब होतात.

"गौर आली, गौर आली."
"कशाच्या पावलांनी?"
"हळदीकुंकवाच्या पावलांनी."
"सोन्यारुप्याच्या पावलांनी."

मग तिला सरळ जागेवर न नेता घर दाखवतात. स्वयंपाकघर, धान्याचे डबे, दूधदुभतं, कपाट, मुलांची अभ्यासाची खोली. माझी लेक लहान असताना गौरीला आपलं दप्तर उघडून दाखवायची. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्येही हे करा. दोन मिनिटांचं काम आहे, पण माहेरी आलेली लेक आधी घरभर फिरतेच.

गौर कुणी आणायची? रूढी सांगते, सवाष्णीनं किंवा कुमारिकेनं. मी इथं स्पष्ट बोलते. माझी आई वडिलांच्या माघारी दहा वर्षं या वेळी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत असे. एका वर्षी मीच सूप तिच्या हातात दिलं. देवीला लेक म्हणायचं आणि जन्मदात्या आईला तिला आत आणू द्यायचं नाही, हे मला पटत नाही. आता दरवर्षी आईच आणते. तुमच्या घरी अशी कुणी दारात उभी असेल तर तिला हाक मारा.

स्थापना झाली की हळदकुंकू, आघाडा, दूर्वा, तेरडा वाहून दिवा लावायचा. पहिल्या दिवशी नैवेद्य साधा, भाजी-भाकरी. शेपूची, मेथीची किंवा अळूची भाजी. प्रवासानं शिणून आलेल्या लेकीला पहिल्या रात्री कुणी पक्वान्नं वाढत नाही. गरम भाकरी दिली की ती निवांत झोपते.

दुसरा दिवस: पूजन

आज षोडशोपचार पूजा. संस्कृत नावांनी दबून जाऊ नका. आवाहन, आसन, पाद्य, अर्घ्य, आचमन, स्नान, वस्त्र, कंचुकी, गंध, पुष्प, धूप, दीप, नैवेद्य, प्रदक्षिणा, नमस्कार, मंत्रपुष्प. ये, बैस, पाय धू, हात धू, पाणी पी, आंघोळ कर, नवं लुगडं नेस, चोळी घाल, गंध लाव, गजरा माळ, जेव. सगळा पाहुणचारच आहे. गुरुजी नसतील तर प्रत्येक उपचाराला 'श्री ज्येष्ठाकनिष्ठागौरीभ्यां नमः' म्हणत ती ती वस्तू अर्पण करा आणि शेवटी 'सर्वमङ्गलमाङ्गल्ये' म्हणा. त्यात 'गौरि' हे संबोधन आहेच.

स्नानाच्या वेळी मुखवट्यावर पाणी ओतू नका. फुलानं पाणी शिंपडल्यासारखं करा, किंवा समोर सुपारी ठेवून तिच्यावर पंचामृत घाला. शाडूचा रंग एका थेंबानं ओघळतो. कुंकूही मुखवट्यावर चोळू नका, कपाळाशी बोट टेकवून खालच्या करंड्यात वाहा. हळदीचं सूत आज देवीपुढं ठेवायचं. मग हातात अक्षता घेऊन कहाणी वाचायची. वाचणारी एक, हुंकार देणाऱ्या बाकीच्या.

आता स्वयंपाक. पुरणाचा अंदाज असा: एक किलो चणाडाळ आणि एक किलो गूळ घेतला तर मध्यम आकाराच्या तीसेक पोळ्या होतात. डाळ शिजली की पाणी निथळून कट बाजूला काढा, त्याची आमटी होते. गूळ घातल्यावर पुरण आधी पातळ होतं, तेव्हा धीर सोडू नका. उलथनं मधोमध उभं राहिलं की पुरण झालं. गरम असतानाच वाटा. वेलदोडा आणि जायफळ शेवटी.

पान वाढण्याची रीत अशी. पाटापुढं पाण्यानं चौकोन काढायचा आणि त्यावर केळीचं पान, देठ आपल्या उजव्या हाताला येईल असं. सर्वांत आधी मीठ, वरच्या बाजूला मध्यभागी. डावीकडं लिंबू, चटणी, कोशिंबीर, पंचामृत. उजवीकडं भाज्या, आमटी. मध्ये भाताची मूद, वरण, तूप. खाली पुरणपोळी. तळणीतलं भजं-पापड डाव्या हाताला. दोघींना दोन पानं, बाळं असतील तर त्यांचीही.

प्रदेशानुसार इथं चित्र पार बदलतं. विदर्भ-मराठवाड्यात महालक्ष्म्यांचं जेवण हाच सणाचा गाभा. सोळा भाज्या, ज्वारीची आंबील, पडवळ घातलेली कढी. देव्यांच्या डोक्यावर फुलोरा टांगलेला असतो: पिठाच्या तळलेल्या करंज्या, पापड्या, वेणी-फणी, आरसा, करंडा. नटायचं सगळं सामान खाण्याच्या रूपात. सोळा भाज्या एकटीला झेपत नसतील तर सोळा जिन्नस एकाच मिसळीच्या भाजीत घाला. पुष्कळ घरी तसंच करतात.

कोकणात अनेक घरांत या दिवशी 'तिखटा सण' असतो. गौरीला मटण, कोंबडी, मासे, खेकड्यांचा नैवेद्य दाखवतात. शेजारच्या गणपतीला तो चालत नाही म्हणून दोघांच्या मध्ये पडदा ओढतात. हे ऐकून नाक मुरडणारे भेटतात. मला तो पडदा फार हृद्य वाटतो. लेकाला एक रुचतं, आईला दुसरं, आणि घर दोघांचं मन राखतं. ज्याच्या घरचं जे अन्न, तेच तिथल्या देवीला.

कोकणातलाच ओवसा. लग्नानंतर नवी नवरी सुपात फळं, पानं, नारळ, सुकामेवा घेऊन गौरीला ओवसते आणि मग ती सुपं घरातल्या थोरांना देऊन आशीर्वाद घेते. पहिला ओवसा गौर पूर्वा नक्षत्रात (हे चंद्राचं नव्हे, सूर्याचं नक्षत्र) आली तरच, अशी तिकडची रीत. त्यामुळं काहींना वर्ष-दोन वर्षं थांबावं लागतं.

संध्याकाळी हळदीकुंकू, आणि रात्री झिम्मा-फुगडी. खालच्या मजल्याला आधी सांगून ठेवा, पण फुगड्या टाळू नका. दिवसभर स्वयंपाकघरात राबलेल्या बायकांची ही रात्र आहे.

तिसरा दिवस: बोळवण

सकाळी सुताच्या गाठी पाडतात. सूत उघडून त्यात हळदकुंकू, सुकामेवा, झेंडूचं पान, काशीफळाचं फूल, रेशमी धागा असे एकेक जिन्नस घालत गाठी मारायच्या. ही सुतं पुजून घरातल्या बायका गळ्यात बांधतात, काही घरी आश्विन वद्य अष्टमीपर्यंत. ऑफिसमुळं गळ्यात ठेवणं जमत नसेल तर देव्हाऱ्यात ठेवा.

नैवेद्याला दहीभात, शेवयांची खीर आणि मुरडीचा कानवला. करंजीच्या कडेला कातण्यानं सरळ कापण्याऐवजी बोटांनी मुरड घालायची. पारीची कड अंगठ्यानं थोडी पुढं ओढा, दुमडा, दाबा. मग त्या दुमडीला लागून पुढची. एका कानवल्याला पंधरा-वीस मुरडी पडतात. पहिले दोन-चार उघडतात आणि सारण तेलात जातं. कडेला दुधाचं बोट फिरवा म्हणजे चिकटून राहते. या मुरडीत निरोपाचा सगळा अर्थ आहे: जातेस तशी मुरडून परत ये. दहीभात ही वाटेची शिदोरी.

ओटी भरायची. तांदूळ, नारळ, खण, हळकुंड, सुपारी. मग आरती, आणि मूळ नक्षत्र असताना अक्षता टाकून 'पुनरागमनाय च' म्हणत मुखवटा जागेवरून किंचित हलवायचा. मुखवट्यांच्या गौरींचं विसर्जन एवढंच. ते पाण्यात सोडत नाहीत. तो क्षण मला दरवर्षी जड जातो. हात मुखवट्याला लागतो आणि तीन दिवस जिच्याशी बोलत होतो ती पुन्हा नुसता चेहरा होते.

खड्यांच्या आणि तेरड्याच्या गौरी पाण्यात पोचवतात. नदी लांब असेल तर घरच्या बादलीत सोडा, पाणी झाडाला घाला, तेरडा कुंडीत मातीखाली दाबा. हार-पत्री निर्माल्य कलशात किंवा कंपोस्टमध्ये, आणि त्याआधी जर, दोरा, थर्माकोल, टाचण्या काढून. परदेशात तळ्यात-नदीत काही सोडणं बहुधा चालतच नाही. तिथं अंगणातून आणलेले खडे अंगणातच ठेवा.

विसर्जनाहून परतताना मूठभर वाळू किंवा चार खडे घेऊन यायचे आणि घराच्या कोपऱ्यांत, धान्याच्या डब्यांपाशी, झाडांच्या बुंध्याशी टाकायचे. कहाणीतही देवी जाताना वाळूच देऊन जाते.

राहिली आवराआवर. कोठ्यांतलं धान्य पुन्हा डब्यांत, त्यातलं थोडं स्वयंपाकात आणि थोडं गरजूला. साड्या एक दिवस सावलीत पसरून मग घडी. मुखवटे कोरड्या मऊ सुती कापडानं पुसायचे. पितळी असतील तर चिंचेनं घासण्याच्या फंदात रंगवलेले डोळे जाऊ देऊ नका, तेवढा भाग सोडा. जुन्या मलमलच्या साडीचे तुकडे कापून प्रत्येकीला स्वतंत्र गुंडाळा, नाकावर भार येणार नाही असं उताणं ठेवा, पेटीत चार लवंगा टाका. प्लास्टिकच्या पिशवीत मुळीच ठेवू नका, शाडूला दमट हवा सोसत नाही.

आणि मुखवट्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहून ठेवा. आमच्या पेटीत आता एकीच्या आत 'थोरली' आहे, दुसरीच्या आत 'धाकटी', आणि झाकणाच्या आतून चिकटवलेल्या कागदावर साडीच्या निऱ्यांची संख्या, पुरणाचं माप आणि आत्याबाईंचा फोन नंबर.